मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि कर्करोगाचें भय

चैत्र-वैशाखांत कर्जत व खालापूर या तालुक्यांत जें ऊन तापतें, त्याची कल्पना समुद्रकांठच्या मुंबईकराला सहसा नसते. एका बाजूस माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूस बोरघाटाची उभी भिंत, आणि मध्यें हा खोलगट मुलूख. खाऱ्या वाऱ्याची झुळूक तेथवर पोंचत नाहीं. भातखाचरें भेगाळतात आणि भर दुपारीं रस्त्यावर माणूस दिसत नाहीं. अशा दिवसांत लघवी थोडी होणें, गडद होणें, जळजळणें या तक्रारी घरोघर ऐकूं येतात, आणि त्या सगळ्यांना मिळून लोकांनीं एकच नांव ठेवलें आहे : उन्हाळे लागले. मग धण्या-जिऱ्याचें पाणी, सब्जाचें बीं, वाळ्याचें सरबत असे घरगुती उपाय होतात. बहुतेक वेळां त्यांनीं बरेंहि वाटतें, कारण दुखण्याचें मूळ शरीरांतील पाण्याच्या तुटींत असतें.

परंतु याच नांवाखालीं कधीं कधीं निराळीच गोष्ट झांकली जाते. लघवी तांबडी होते, दुखत मात्र कांहीं नाहीं. दोन दिवसांनीं ती आपोआप स्वच्छ होते, आणि घरचीं माणसें उन्हाला दोष देऊन मोकळीं होतात. न दुखतां पडणारें हें रक्त मूत्राशयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगाची पहिली वर्दी असूं शकतें. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराची खूणहि तेंच असूं शकतें. हे दोन रोग एकमेकांना अगदीं परके नाहींत. त्यांचें नातें काय, तें किती जवळचें, आणि तें ओळखल्यानें कोणाचा जीव वांचूं शकतो, हा या भाषणाचा विषय आहे.

विषय खेड्यांतला म्हणून शहरांतील सुशिक्षित घरांनीं तो दूरचा समजूं नये. कर्जत मुंबईपासून रेल्वेनें सुमारें १०० किलोमीटरवर आहे आणि खोपोलीचा फांटा तेथूनच फुटतो. कित्येक मुंबईकर कुटुंबांचें मूळ घर, शेत किंवा निवृत्तीनंतरचें बिऱ्हाड याच पट्ट्यांत असतें. तेथील वडीलधारें माणूस आजारी पडलें कीं त्याचे तपासणीचे कागद वाचण्याचें काम बहुधा शहरांतल्या मुलीकडे, सुनेकडे वा पुतण्याकडे येतें. त्या कागदांत काय पाहावें, हें त्यांना ठाऊक असलेलें बरें.

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरांत त्यांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतला दीड-दोन लिटर तेवढा लघवीच्या रूपानें बाहेर पडतो आणि बाकीचा शरीर परत घेतें. निरोगी तरुणांत हें गाळप मिनिटाला शंभर मिलिलिटरांच्या आगेंमागें असतें. तें साठांच्या खालीं उतरून तीन महिने तसेंच राहिलें, किंवा लघवींतून आल्ब्युमिन नांवाचें प्रथिन तितकाच काळ जात राहिलें, तर त्या स्थितीस मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणतात. या विकाराचा मोठा दोष हा, कीं तो बोलत नाहीं. गाळपाची निम्मी शक्ति गेली तरी मनुष्य शेतावर जातो, बाजार करतो आणि आपण निरोगी आहों असें समजतो.

त्याला ओळखण्याचें साधन म्हणजे रक्तांतील क्रिएटिनिनचें माप. पण नुसता आंकडा फसवूं शकतो. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतें. ज्याचे स्नायू कमी, त्याच्या रक्तांत तें मुळांतच कमी. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या कागदावर १.२ हा आंकडा असेल तर वय व स्त्रीपुरुषभेद लक्षांत घेऊन केलेल्या हिशेबानें त्याचें गाळप पंचायशींच्या घरांत भरतें. पासष्ट वर्षांच्या बाईच्या कागदावर हाच आंकडा असेल तर तिचें गाळप पन्नासाच्या आसपास असतें, म्हणजे ती रोगी ठरते. आयुष्यभर भाताची लावणी करून अंगानें काटकुळ्या झालेल्या आजीचें क्रिएटिनिन “थोडेंसेंच वाढलें आहे” असें म्हणून सोडून देणें, हें म्हणून धोक्याचें असतें. कागदावर क्रिएटिनिनच्या बरोबरीनें गाळपाचा अंदाज लिहिला आहे कीं नाहीं तें पाहावें, नसेल तर डॉक्टरांना विचारावा.

आतां मुख्य प्रश्न. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला कर्करोग अधिक होतो काय? होतो, परंतु किती व कोठें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. १९९९ सालीं अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील डायालिसिसवर असलेल्या ८,३१,८०४ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. डायालिसिस म्हणजे यंत्राच्या साहाय्यानें रक्त गाळणें. सामान्य लोकांतील प्रमाण धरलें असतां त्यांच्यांत २१,१८५ जणांना कर्करोग व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत तो २५,०४४ जणांना झाला. वाढ शेंकडा १८ ची, म्हणजे खरी, पण अफाट नव्हे. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील २८,८५५ रोग्यांच्या पाहणीनें या चित्रांत आणखी रेषा भरल्या. सामान्य लोकांत जेथें १०० कर्करोग अपेक्षित, तेथें मूत्रपिंडें निकामी होत आलेल्या पण यंत्रावर न गेलेल्या रोग्यांत ते ११६ आढळले, डायालिसिसवरील रोग्यांत १३५, आणि दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेल्यांत ३२७.

यंत्राची पाळी न आलेल्या, मध्यम विकाराच्या लोकांचें काय, याचें उत्तर २०१४ सालीं कॅलिफोर्नियांतून आलें. तेथें सुमारें ११ लाख ९० हजार प्रौढांच्या नोंदी तपासण्यांत आल्या. गाळप ४५ ते ५९ असलेल्यांत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचें प्रमाण शेंकडा ३९ नें अधिक होतें. ३० ते ४४ असलेल्यांत शेंकडा ८१ नें. आणि तिसांखालीं तें दुपटीहून अधिक झालें. मूत्रमार्गाच्या अस्तराचे कर्करोगहि गाळप फार घटलेल्यांत वाढलेले दिसले. पण स्तन, फुप्फुस, मोठें आंतडें व पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथि यांच्या कर्करोगांचें प्रमाण वाढलेलें आढळलें नाहीं. दुसऱ्या कांहीं पाहण्यांचे निष्कर्ष याहून निराळे आहेत आणि रोग्यांची तपासणी अधिक वेळां होते म्हणून रोगहि अधिक सांपडतो, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. तरी एवढें निश्चित म्हणतां येतें, कीं हें भय साऱ्या शरीरावर सारखें पसरलेलें नाहीं. तें मुख्यतः मूत्रपिंड, मूत्रवाहिन्या व मूत्राशय यांच्याभोंवतीं गोळा झालेलें आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यानें पहारा ठेवावयाचा तो आधीं तेथेंच.

हें नातें जुळतें कसें? त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सामाईक कारणांचा. एकच कारण दोन्ही अवयवधर्म बिघडवितें. बिडी-सिगारेटच्या धुरांतील विषें रक्तांत जातात, तेथून मूत्रपिंडांत येतात आणि लघवीबरोबर मूत्राशयांत तासनतास साठून राहतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचें तंबाखूचा धूर हें सर्वांत मोठें ज्ञात कारण आहे, आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगालाहि तो हातभार लावतो. लठ्ठपणा व वाढलेला रक्तदाब यांचेंहि तसेंच : मूत्रपिंड झिजविणारे हेच, आणि त्याच्या कर्करोगाचा धोका वाढविणारेहि हेच. वेदनाशामक गोळ्यांतील फेनॅसेटिन नांवाचें द्रव्य पूर्वीं जगभर खपत असे. तें वर्षानुवर्षें घेणाऱ्यांचीं मूत्रपिंडें सुकलीं व मूत्रमार्गांत कर्करोग उद्भवला, तेव्हां अनेक देशांनीं तें बाजारांतून काढून टाकलें.

याच मालिकेंतील सर्वांत बोलकें उदाहरण एका वनस्पतीचें आहे, आणि त्याचा कर्जत-खालापूरशीं संबंध पोंचतो. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथें वजन कमी करण्यासाठीं चिनी जडीबुटीचीं औषधें घेतलेल्या कित्येक स्त्रियांचीं मूत्रपिंडें झपाट्यानें निकामी झालीं. चौकशींत असें निघालें, कीं एका निरुपद्रवी मुळीच्या जागीं नामसाधर्म्यामुळें अॅरिस्टोलोकिया कुळांतील मुळी आली होती. हा वृत्तांत १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें या रोग्यांपैकीं ३९ जणांनीं आपलीं निकामी मूत्रपिंडें व मूत्रवाहिन्या काढून टाकण्यास संमति दिली. २००० सालीं जाहीर झालेल्या त्या तपासणींत १८ जणांच्या मूत्रमार्गांत कर्करोग आढळला. एकाच विषानें आधीं मूत्रपिंड मारलें आणि मागाहून त्याच वाटेवर कर्करोग पेरला. डॅन्यूबच्या उपनद्यांकांठच्या खेड्यांतील एका जुन्या गूढ रोगाचें मूळहि याच कुळांतील तणाचें बीं गव्हांत मिसळण्यांत सांपडलें. कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें अॅरिस्टोलोकिक आम्लाची गणना मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली आहे.

या कुळांतील एक वेल कोंकणच्या व सह्याद्रीच्या रानांत उगवते. तिला ईश्वरी किंवा सापसण म्हणतात. सर्पदंशावरचें औषध म्हणून तिची जुनी ख्याति आहे आणि तेंच विषारी आम्ल तिच्यांतहि असतें. डोंगरांतील ठाकर व कातकरी यांचें वनस्पतींचें ज्ञान मोठें आहे. त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. ब्रुसेल्समधील अनर्थहि वनस्पति न ओळखणाऱ्यांच्या हातून घडला. प्रश्न जडीबुटी चांगली कीं वाईट, हा नव्हेच. प्रश्न एवढाच, कीं ज्याचें मूत्रपिंड आधींच अर्धें झिजलें आहे, त्यानें जिचें नांव-गांव ठाऊक नाहीं अशी पुडी महिनोन्महिने घ्यावी काय? “क्रिएटिनिन उतरवितो” म्हणून जत्रेंत वा आठवड्याच्या बाजारांत मिळणाऱ्या काढ्याची पुडी घेऊन ती डॉक्टरांना किंवा शिकलेल्या वैद्यांना दाखवावी. घटक सांगतां येत नसतील तर ती घेऊं नये. सर्पदंशावर तर सरकारी रुग्णालयांतील प्रतिविष हाच उपाय आहे.

दुसरा मार्ग झिजलेल्या मूत्रपिंडाचा स्वतःचा. वर्षानुवर्षें डायालिसिसवर राहिलेल्या रोग्यांच्या आकसलेल्या मूत्रपिंडांत पाण्याचे लहान लहान फुगे धरतात, आणि कांहींच्या भिंतींत कर्करोगाच्या गांठी उद्भवतात, हें इंग्लंडमधील विकृतिशास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं दाखवून दिलें. शिवाय जीं द्रव्यें बाहेर जावयाचीं तीं रक्तांत तुंबून राहिल्यानें शरीराची प्रतिकारशक्ति मंदावते व दाह रेंगाळतो. प्रतिकारशक्तीचें एक काम म्हणजे बिघडलेल्या पेशी वेळींच हुडकून नष्ट करणें. पहारेकरी पेंगला कीं चोराचें फावतें.

तिसरा मार्ग उपचारांचा. बसविलेलें परकें मूत्रपिंड शरीरानें झिडकारूं नये म्हणून प्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दाबून ठेवावी लागते. त्यामुळें विषाणूंपासून होणारे कर्करोग, विशेषतः लसीकाग्रंथींचे, डोकें वर काढतात. ऑस्ट्रेलियांतील ३२७ हा आंकडा त्यांतून आला. तो ऐकून कोणी मूत्रपिंड-रोपणाला भिऊं नये. योग्य रोग्याला रोपणानंतर डायालिसिसपेक्षां अधिक आयुष्य लाभतें, हें सिद्ध आहे. ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच, कीं रोपणानंतर तपासण्या चुकवूं नयेत आणि तंबाखूला स्पर्श करूं नये.

आतां याच रस्त्याची उलट दिशा पाहिली पाहिजे, कारण खेड्यांतील स्त्रियांच्या बाबतींत खरा घात तिकडून होतो. कर्करोग आधीं असतो आणि तो मूत्रपिंडाच्या विकाराचें सोंग घेऊन येतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वाढत गेला म्हणजे तो दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्यांना दाबतो. लघवीची वाट अडते, मूत्रपिंडें फुगतात, पायांवर सूज येते, मळमळ होते, धाप लागते. रक्त तपासतांच क्रिएटिनिन चढलेलें दिसतें आणि बाई “किडनीची रोगी” ठरते. अंगावरून जाणें, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणें या गोष्टी तिनें लाजेनें कोणाला सांगितलेल्या नसतात. पोटाची सोनोग्राफी केली, फुगलेलीं मूत्रपिंडें दिसलीं आणि कोणी आपुलकीनें चार प्रश्न विचारले, तरच मूळ रोग उजेडांत येतो.

हें वेळींच कळण्यांत मोठा लाभ आहे. मूत्रवाहिनींत बारीक नळी बसवून किंवा पाठींतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतां येते. मग मूत्रपिंडें पुष्कळदां सांवरतात. त्यांच्या सांवरण्यावर पुढचा उपचार अवलंबून असतो. या कर्करोगांत किरणोपचाराच्या जोडीला सिस्प्लॅटिन हें औषध देतात, आणि तें स्वतःच मूत्रपिंडाला अपायकारक आहे. मूत्रपिंड धड नसेल तर तें देतां येत नाहीं. म्हणजे मूत्रपिंड वांचविणें हा कर्करोगावरील उपचाराचाच भाग होतो. पुरुषांत हेंच काम प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग करतो. आणि म्हाताऱ्या माणसाची न हटणारी कंबरदुखी, पंडुरोग व मूत्रपिंडाची हानि हीं तिन्ही एकत्र आलीं तर अस्थिमज्जेच्या मायलोमा नांवाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. कंबरदुखीवर दिवसामागून दिवस वेदनाशामक गोळ्या खाल्ल्यानें तर मूत्रपिंडावर दुहेरी आघात होतो.

रोग आणि राहणी यांचा असा मेळ घालून पाहण्याची परंपरा मुंबईला नवी नाहीं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूच्या संवयींशीं असलेला संबंध तपासला आणि रोगाची पाळेंमुळें लोकांच्या नित्याच्या चालीरीतींत शोधावीं लागतात हें पटवून दिलें. त्याच संस्थेचें मोठें संशोधन व उपचार केंद्र २००२ पासून खारघर येथें, म्हणजे रायगड जिल्ह्यांतच, आहे. खालापूर-चौकचा रोगी जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें पनवेलमार्गे तेथें पोंचूं शकतो.

उपचाराच्या खर्चाचा प्रश्न मोठा असला तरी तो अगदींच निरुत्तर राहिलेला नाहीं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नांवानें चालते. डायालिसिस व कर्करोगावरील उपचार हे दोन्ही तींत येतात. तरीहि डायालिसिस म्हणजे आठवड्यांतून तीन वेळां चार-चार तास. वर्षाला १५६ खेपा. डोंगराखालच्या वाडींतून रोगी व त्याच्यासोबतचा माणूस या दोघांची मजुरी प्रत्येक खेपेला बुडते. तपासणी लवकर झाल्यास ही पाळी पुष्कळ वर्षें लांबवितां येते, कधीं टाळतांहि येते.

मग करावें काय? ज्याला मधुमेह, रक्तदाब, मुतखडा आहे किंवा ज्याच्या घरांत मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यानें वर्षांतून एकदां लघवी व क्रिएटिनिन तपासून घ्यावें. विकार ठरला तर रक्तदाब व साखर ताब्यांत ठेवावी, बिडी सोडावी, दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानें घेऊं नयेत. प्रत्येक मूत्रपिंडाच्या रोग्याच्या मागें कर्करोगाच्या सर्व तपासण्यांचा ससेमिरा लावण्याची मात्र गरज नाहीं. डायालिसिसवरील सरसकट सर्वांना त्यांचा लाभ होतो असें दिसलेलें नाहीं. कोणाला कोणती तपासणी हवी, तें वय, लक्षणें आणि रोपणाचा विचार आहे कीं नाहीं यांवर ठरतें. तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. ती मूत्रपिंडाच्या रोग्यांनींहि इतरांप्रमाणें करून घ्यावी. मिश्री लावणाऱ्या बायांनीं तोंडाची तपासणी टाळूं नये.

आणि लघवींत रक्त दिसलें तर, मग तें एकदांच दिसो, दुखो वा न दुखो, उन्हाळा असो वा पावसाळा, तपासणी झाल्यावांचून त्याला कोणतेंहि नांव देऊं नये. आदल्या दिवशीं बीट खाल्लें असेल तर लघवीला रंग येतो. कधीं मुतखडा असतो, कधीं साधा जंतुदोष. रक्ताचीं बहुतेक कारणें कर्करोगाचीं नसतातच. पण तीं कर्करोगाचीं नाहींत हें ठरविण्याचें काम सूक्ष्मदर्शकाचें, सोनोग्राफीचें आणि जरूर तर दुर्बिणीनें मूत्राशय पाहणाऱ्या तज्ज्ञाचें आहे. तें धण्या-जिऱ्याच्या पाण्याचें नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या बिडी ओढणाऱ्यानें तर एक दिवसहि दवडूं नये.

शहरांतील नातलगांच्या वांट्याला यांत एक लहानसें काम येतें. गांवाकडील आजाऱ्याचे सर्व कागद तारीखवार एका फाइलींत लावावे. क्रिएटिनिनचे आंकडे एका कागदावर खालोखाल उतरून ठेवावे. चालू असलेलें प्रत्येक औषध, काढा व पुडी यांची नोंद त्यांतच असावी. कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जातांना ही फाइल बरोबर असावी, आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जातांनाहि तीच असावी. एका शरीरांत जे दोन रोग एकमेकांच्या शेजारीं नांदतात, त्यांचे कागद दोन निरनिराळ्या पिशव्यांत पडून राहिले, तर दोन्हीकडचे डॉक्टर कितीहि कुशल असले तरी प्रत्येकाला रोगाची अर्धीच बाजू दिसते.